हरळीचा मुलकी इतिहास

दख्खनच्या शेतीचा इतिहास लिहिताना अभ्यासकांनी दुष्काळांची गणती केली, सावकारांची खते तपासली, धाऱ्याचे दर आणि कालव्यांचे खर्च आणे-पैपर्यंत मांडले. परंतु ज्या तृणाने या पठारावरील कुणब्याचे उन्हाळेच्या उन्हाळे खाऊन टाकले, ज्याच्यापायी चांगल्या कसाच्या काळ्या जमिनीही पड पडल्या, आणि ज्याच्या निर्मूलनाचा खर्च कोणी सोसावयाचा या प्रश्नावर मिरासदार आणि उपरी, मालक आणि कूळ, रयत आणि सरकार यांचे हितसंबंध वारंवार एकमेकांना आडवे आले, त्या हरळीची दखल या सगळ्या लेखनात ओझरतीच घेतलेली आढळते. दुष्काळाला सन असतो, कारण तो येतो आणि जातो. हरळी एकदा आली की जात नाही, म्हणून बखरकाराला तिची तिथी सापडत नाही.

त्यातून तिची प्रतिष्ठा मोठी विलक्षण. देवघरात ती दूर्वा असते. अनलासुराला गिळल्यामुळे गणेशाच्या अंगाचा झालेला दाह हिच्या एकवीस-एकवीस जुड्यांनी शमला अशी पुराणकथा असल्यामुळे भाद्रपदात तिला भाजीमंडईत भाव येतो. आणि तैत्तिरीय परंपरेतील एका मंत्रात तिचे पेरापेरातून उगवत जाणे असे अचूक वर्णिले आहे की, मंत्रद्रष्ट्या ऋषीने कधीतरी स्वतःच्या हाताने वाफा खुरपला असावा अशी शंका यावी. तीच वनस्पती बांध ओलांडून शेतात शिरली म्हणजे हरळी होते, आणि मग चतुर्थीला तिची जुडी वाहणारा हातच वैशाखात तिला पेटवून देतो. यात कुणब्याला आजवर कधी विसंगती वाटलेली नाही, आणि वाटण्याचे कारणही नाही. युरोपीय वनस्पतिशास्त्राने तिला १७५३ मध्ये लिनीयसच्या ग्रंथात एका वंशात घातले आणि १८०५ मध्ये पेर्सूनने तेथून काढून सायनोडॉन या वंशात बसविले, एवढाच काय तो तिच्या नामकरणाचा वृत्तान्त.

ओळखण्याच्या बाबतीत मात्र थोडे थांबले पाहिजे, कारण बागेतील निम्मी मेहनत चुकीच्या गवतावर वाया जाते. हरळीचे दोन संसार असतात. एक जमिनीवरचा: बारीक, चिवट कांडी सरपटत जातात, आणि प्रत्येक पेराशी खाली मूळ व वर फुटवा निघतो. दुसरा जमिनीखालचा: पांढऱ्या, खवल्याखवल्यांच्या, सुईसारख्या टोकाच्या काशा मातीत आडव्यातिडव्या शिरतात, आणि काळ्या जमिनीत तर उन्हाळ्याच्या भेगांचा फायदा घेऊन दीड-दोन फूट खोल उतरतात. पान खोडाला जेथे बिलगते तेथे नीट पाहिले तर बारीक पांढऱ्या केसांची झालर दिसते. तुरा म्हणजे एकाच ठिकाणाहून फाकलेली तीन ते सहा सडपातळ, जांभळट बोटे. रान नाचणीचा तुराही बोटांचाच असतो, पण तिची बोटे जाड, बुंधा चपटा आणि पांढुरका, आणि उपटताना ती कितीही हट्टाला पेटली तरी एकदा निघाली की संपली. तिला काशा नाहीत. लव्हाळा हा तर गवताच्या कुळातलाच नव्हे. त्याचा दांडा बोटांत धरून फिरवला की तीन धारा हाताला लागतात, आणि खाली सुतळीत ओवल्यासारख्या काळ्या सुगंधी गाठी असतात. कुणब्याच्या पोरालासुद्धा हा भेद सांगावा लागत नाही. गफलत होते ती नव्या बंगल्याच्या मालकाची, जो लव्हाळ्याला हरळी समजून कापीत बसतो आणि पंधरवड्यात तो पुन्हा वीतभर वर आलेला पाहून माळ्याला बोल लावतो.

ज्ञान, तेव्हा, कधीच कमी नव्हते. उणीव होती ती बळाची. पठारावरचा जुना नांगर बाभळीचा, अवजड, आणि कसदार काळ्या जमिनीत त्याला सहा-सहा, आठ-आठ बैल जुंपावे लागत. एवढे बैल एका घरी क्वचितच असावयाचे, म्हणून शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या जोड्या गोळा करून, त्या सर्वांना जेवू घालून, इर्जिक करून ही नांगरट उरकीत. साहजिकच ती दरसाल होत नसे. एरव्ही कुळवाच्या पाळ्यांवर भागत असे, आणि कुळव हा तर हरळीचा मित्रच म्हणावयाचा: त्याची फास वरवर फिरते, काशांचे तुकडे करते, आणि प्रत्येक तुकड्याला एखादे पेर शाबूत असेल तर त्याचे स्वतंत्र झाड होते. म्हणून हरळीच्या जमिनीचा उपाय एकच मानला जाई. रबीचे पीक निघाल्यावर, माघ-फाल्गुनात, ओल पुरती जाण्याच्या आत खोल नांगरावयाचे, किंवा बागाईत तुकडा असेल तर पहारी आणि कुदळी लावून खणावयाचे. ढेकळे चैत्र-वैशाखाच्या उन्हात तशीच उघडी तापू द्यावयाची. आणि मग वळवाच्या आत काशा वेचावयाच्या.

हे काशा वेचणे ज्याने जवळून पाहिले नाही त्याला या शेतीचे कष्ट कळले असे मला वाटत नाही. बायका आणि मुले ओळीने बसतात. ढेकूळ कुदळीच्या पाठीने फोडतात, पण भुगा होईल इतके जोराने नाही, कारण मातीबरोबर काशीही तुटते. मग काशीचे एक टोक धरून, दुसऱ्या हाताने माती हलवीत, ती सबंध सोडवून घेतात. सबंध निघाली तर हातभर निघते. तुटली तर बोट घालून उरलेली शोधावी लागते. टोपली भरली की बांधाकडे न नेता शेताच्या मध्यावरच ढीग करून पेटवितात, कारण बांधावर टाकलेली काशी पहिल्या पावसाला जीव धरते आणि दोन वर्षांत बांधावरून पुन्हा आत येते. कुंदा हे दुसरे चिवट गवत याहून खोल जाते आणि त्याचा गड्डा जाड असतो. तेथे बायकामुलांचे काम नाही, तेथे पहारच पाहिजे.

असे काम कोण करील? ज्याला ती जमीन दहा वर्षांनीही आपल्याच हाती राहील असा भरवसा आहे, तो. पेशवाईतील मुलकी व्यवस्थेत मिरासदार, म्हणजे थळकरी, आणि उपरी असे रयतेचे दोन वर्ग होते. मिरासदाराची जमीन वंशपरंपरेची, उपऱ्याची लावणी सालाची किंवा थोड्या मुदतीची. उपऱ्याने हरळी खणावी अशी अपेक्षा करणे म्हणजे भाड्याच्या घराला त्याने स्वखर्चाने नवे आढे घालावे असे म्हणण्यासारखे आहे. तो वरवर पाळ्या घाली, येईल ते पीक काढी, आणि हरळीने जोर धरला की दुसऱ्या गावची लावणी धरी. सरकारलाही हे ठाऊक होते. पड आणि गतकुळी जमिनी लागवडीस आणण्यासाठी जो इस्ताव्याचा कौल दिला जाई, ज्यात पहिली काही वर्षे वसूल नाममात्र घेऊन तो क्रमाक्रमाने पूर्ण दरावर नेत, त्यामागे हाच हिशेब होता: जमीन साफ करण्याची मेहनत रयतेची, तर त्या मेहनतीचा काळ सरकारने सोसावा. कौलाच्या कागदांत हरळीचे नाव असो वा नसो, सवलतीची ती वर्षे बहुतांशी अशा मुळांच्याच वाट्याला जात असणार.

इंग्रजी अंमलात ही समज एका विशिष्ट रीतीने हरपली. १८३६ पासून इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी जी नवी पाहणी सुरू केली, आणि जिचे नियम १८४७ च्या संयुक्त अहवालात पक्के झाले, तिच्यात जमिनीची प्रतवारी तिच्या रंगावरून, खोलीवरून आणि अंगच्या दोषांवरून करावयाची होती. हे दोष सात. चुनखडी, वाळू, उतार, कणांची विसविशीत ठेवण, पाणी न जिरणे, पुराच्या लोंढ्याखाली सापडणे, पाझराची अतिरिक्त ओल, असे सर्व धरले आहेत. गवताच्या मुळांना मात्र या यादीत स्थान नाही. पाहणी-अधिकाऱ्यांचे तर्कशास्त्र सरळ होते: धारा तीस वर्षांसाठी बांधावयाचा, तेव्हा जमिनीचे स्थायी गुणदोषच पाहावयाचे, आणि हरळी हा स्थायी दोष नसून रयतेच्या उद्योगाने जाणारा दोष आहे. तर्क म्हणून हे निर्दोष आहे. परिणाम मात्र असा की, हरळीने भरलेले शेत आणि शेजारचे स्वच्छ शेत यांवर एकाच प्रतीचा धारा बसला, आणि हरळीची सगळी तोशीस एका बाजूला, म्हणजे खातेदाराच्या बाजूला, जाऊन पडली. माझ्या मते दख्खनच्या प्रतवारीतील हे एक मोठे न्यून होय. पुढे १८८३ च्या जमीनसुधारणा कर्जाच्या कायद्यात जमीन साफ करण्याचे काम सुधारणेच्या व्याख्येत आले आणि तगाईचा मार्ग निदान कागदावर तरी मोकळा झाला. परंतु तगाईसाठी तारण लागे, आणि ज्याच्या शेतात हरळी माजली आहे त्याचे शेत बहुधा आधीच सावकाराच्या खतात असावयाचे.

याच सुमारास, १८८९ मध्ये, भारतीय शेती सुधारण्याचे उपाय सुचविण्यासाठी सरकारने वोएल्कर नावाचे रसायनशास्त्रज्ञ विलायतेहून आणविले. १८९३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालात, येथील शेतकरी जमीन तणापासून जितकी कसोशीने स्वच्छ राखतो तितकी अन्यत्र क्वचितच राखली जात असेल, अशा आशयाचा अभिप्राय आहे. सुधारणा शिकविण्यासाठी आलेल्या पाहुण्याने अहवालात हे लिहून ठेवावे, याचे मला नेहमीच कौतुक वाटत आले आहे.

लोखंडी नांगराची कथा महाराष्ट्राला परिचित आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावला १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर तयार केला तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होते अशी लोकांची समजूत होती, आणि पहिला नांगर खपण्यास दोन वर्षे लागली. १९१० मध्ये औंध संस्थानात कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी वसली, आणि हा धंदा तेथे वाढला. या कथेत सहसा न सांगितली जाणारी गोष्ट अशी की, लाकडी नांगर माती चिरतो आणि लोखंडी नांगर ती उलटी करतो, आणि हरळीच्या दृष्टीने सगळा फरक या उलटण्यात आहे. चिरलेल्या मातीत काशी जागच्या जागी राहते. उलटलेल्या ढेकळात तिचे पोट आकाशाकडे होते आणि वैशाखाचे ऊन तिला आयते सापडते. लोखंडाविषयीचा संशय पुढे विरला तो व्याख्यानांनी विरला नसावा. एका उन्हाळ्यात वाळलेल्या काशांचे ढीग शेजाऱ्याने पाहिले असावेत.

कालव्यांनी मात्र पारडे पुन्हा फिरविले. १८८५ मध्ये नीरेच्या डाव्या कालव्याचे पाणी सुटले, उसाचे फड उभे राहिले, पेंड आणि पाणी मुबलक मिळू लागले, आणि उसाबरोबर हरळीनेही बाळसे धरले. जेथे पाण्याचा निचरा झाला नाही तेथे क्षार वर आले. मॅन आणि ताम्हणे यांनी १९१० मध्ये नीरा खोऱ्यातील या खारवट जमिनींवर प्रबंध प्रसिद्ध केला. हॅरोल्ड मॅन तेव्हा पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे प्राचार्य होते आणि पुढे ते मुंबई इलाख्याचे शेतकी संचालक झाले. खाऱ्या जमिनीत ऊस पिवळा पडतो, गहू उगवत नाही, पण हरळी क्षार सोसते. अशा जमिनीवर जे हिरवे दिसते ते पाहून परका मनुष्य तिला सुपीक समजतो.

आता याच काळात, याच पुणे जिल्ह्यात, सरकारी पैशाने हरळी लावण्याचे काम कसे चालले होते ते पाहण्यासारखे आहे. १८६० च्या दशकात बार्टल फ्रिअर यांच्या कारकिर्दीत गणेशखिंडीला गव्हर्नरांचा प्रासाद उभा राहू लागला (आज तेथे पुणे विद्यापीठ आहे), आणि अशा प्रासादाला हिरवळ हवी. पुण्यामुंबईच्या जिमखान्यांना, छावण्यांतील मेसच्या आवारांना, क्लबांच्या टेनिसच्या मैदानांना, सर्वांनाच हवी. विलायती गवतांचे बी आणून पेरावे तर ते पावसाळ्यात सडते आणि चैत्रात जळते. तेव्हा साहेबाच्या हिरवळीसाठी माळ्याने जी वनस्पती पुढे केली ती हीच. तिची लावणी करण्याची एक रीत या देशातील बागकामाच्या पुस्तकांतून पुढे रूढ झाली. हरळीचे बोट-दोन बोटे लांबीचे तुकडे करावयाचे. त्यांत बागेतील माती, ताजे शेण आणि थोडी राख घालून पाण्याने दाट काला करावयाचा. आणि भिजवून सपाट केलेल्या जमिनीवर तो घरातल्या भुईसारखा सारवून टाकावयाचा. आठ-पंधरा दिवसांत सारवणातून हिरवे कोंब निघतात. कुळवाने तुकडे झाल्यामुळे जी वनस्पती शेतकऱ्याच्या मुळावर येते, तिचे हेतुतः तुकडे करून तिच्याच त्या गुणाचा माळी असा उपयोग करतो. पुढे कापणीची यंत्रे आली. १८३० मध्ये एडविन बडिंग या इंग्रज कारागिराने ज्या यंत्राचे पेटंट घेतले होते त्याच्याच जातीची ही यंत्रे. येथे मोठ्या मैदानांवर ती ओढावयास बैल असत.

पण हिरवळीलाही तणे असतातच, आणि तेथे लव्हाळा हा मुख्य शत्रू ठरला. पुण्याच्या शेतकी खात्यातील रानडे आणि बर्न्स यांनी १९२५ मध्ये लव्हाळ्याच्या निर्मूलनावर जो विस्तृत प्रबंध प्रसिद्ध केला, तो या विषयावरील आपल्याकडील आरंभीच्या शास्त्रीय कामांपैकी एक होय. गाठी किती खोल असतात, एकीपासून दुसरी कशी निघते, कोणती किती वाळल्यावर मरते, हे सारे अशा परीक्षणानेच पुढे कळत गेले. बर्न्स हे वनस्पतिशास्त्राचे अधिकारी. त्यांच्या सहकाऱ्याचे नाव मुखपृष्ठावर आधी आहे, हे त्या काळच्या मानाने लक्षात घेण्यासारखे.

स्वातंत्र्यानंतर तणांच्या बाबतीत सरकारने प्रथमच मोठा हात घातला, तो हरळीसाठी नव्हे तर काशासाठी. काशीसाठी नव्हे, कास या उंच, पांढऱ्या तुऱ्याच्या गवतासाठी. मध्य भारतात त्याने विस्तीर्ण जमिनी गिळल्या होत्या. १९४९ च्या सप्टेंबरात जागतिक बँकेने भारताला शेतीयंत्रांसाठी एक कोटी डॉलरचे कर्ज दिले, आणि केंद्रीय ट्रॅक्टर संघटनेचे अवजड नांगर या जमिनींवर चालू लागले. विदर्भ त्या वेळी मध्य प्रदेश राज्यातच असल्यामुळे मराठी वृत्तपत्रांच्या वाचकालाही या मोहिमेत परकेपणा वाटण्याचे कारण नव्हते. हरळीच्या बाबतीत मात्र ट्रॅक्टरपेक्षा कायद्याने अधिक काम केले असे मी मानतो. १९४८ चा कूळकायदा आणि १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन यांनी अनेक कुळांना कसत्या जमिनीचे मालक होण्याचा मार्ग खुला केला. आणि ज्याने वीस वर्षे मालकाच्या शेतातील हरळी वरवर खरवडली होती, त्यालाच आता ती मुळासकट काढण्यात स्वार्थ उत्पन्न झाला. मिरासदार आणि उपरी यांचा जुना भेद येथे मिटला, निदान त्या शेतांपुरता.

समुद्रापलीकडे हिची कथा थोड्याफार फरकाने हीच आहे. अमेरिकेच्या दक्षिणेकडील कापसाचे शेतकरी हिला शिव्या देत. तेथील जॉर्जिया राज्यात टिफ्टन येथे ग्लेन बर्टन यांनी हिच्यापासून १९४३ मध्ये वैरणीचा सुधारलेला वाण काढला, आणि पुढे आफ्रिकेतील दुसऱ्या जातीशी संकर करून गोल्फच्या मैदानांसाठी बुटके, दाट वाण तयार केले.

रसायनांनी काम सोपे केले असे म्हणतात. १९४० च्या दशकातील टू-फोर-डी हे रुंद पानांच्या तणांवर चालते, हरळीला ते बाधत नाही. उलट हिरवळीतील रुंद पाने मारून तिला मोकळे रान करून देते. १९७० च्या दशकात बाजारात आलेले ग्लायफोसेट पानातून खाली उतरून काशीपर्यंत पोहोचते, म्हणून त्याचा एवढा बोलबाला झाला. पण ते फुलझाडालाही ओळखत नाही, आणि २०२२ मध्ये केंद्र सरकारने त्याची फवारणी अधिकृत कीडनियंत्रकांपुरतीच मर्यादित केली. घरच्या बागेला तेव्हा जुनेच उपाय उरतात. त्यांतला एक फारसा कोणी करीत नाही, तो सावलीचा. हरळी उन्हाची लेक आहे. तागाचे दाट पीक अंगावर वाढले की तिचा जोर मोडतो, आणि मग उन्हाळी खणणीत काशा विरळ आणि बारीक निघतात.

आज पुण्याच्या आसपास, विशेषतः उरुळी कांचनच्या बाजूच्या रोपवाटिकांत, हिरवळ गालिच्यासारखी गुंडाळून विकली जाते. तीत सिलेक्शन वन नावाने मिळणारा वाण हरळीचाच. परंतु गृहसंस्थांचा ओढा मेक्सिकन लॉनकडे अधिक, आणि ते झॉयशिया नावाचे निराळे गवत आहे, दाट, मऊ, हळू वाढणारे. या मेक्सिकन गालिच्यात हरळी शिरली की ती पुन्हा तण ठरते. कापलेल्या अवस्थेत दोन्ही सारखीच हिरवी. भेद कळतो तो पावसाळ्यात, जेव्हा हरळीची कांडी गालिच्याच्या वरून बोटभर पुढे धावलेली दिसतात, किंवा पानाच्या बुडाशी ती केसांची झालर भिंगाखाली धरल्यावर. तेथे नांगर चालत नाही, ऊन देता येत नाही, औषध मारता येत नाही. खुरप्याच्या टोकाने एकेक काशी शोधावी लागते, आणि वाफ्याच्या कडेला वीतभर खोल विटा उभ्या पुरून बाहेरची वाट बंद करावी लागते. एवढे करूनही श्रावणात कडेकडेने पुन्हा फिरले नाही तर दिवाळीपर्यंत काम दुप्पट होते. म्हणून जाणता माळी बागेचा ठराव करण्यापूर्वी खाली बसून चार ठिकाणी माती उकरून पाहतो, आणि काशी हाताला लागली तर त्या कामाची मजुरी निराळी सांगतो.